एका जिन्याची दहा दारं: शेजाऱ्यांच्या जोडकथांचा मांगा पहिल्यांदा काढताना

एकच इमारत, तिच्यातली चार-पाच बिऱ्हाडं आणि प्रत्येकाची आठ पानांची स्वतंत्र गोष्ट. पहिल्या गोष्टीत जिन्यावरून नुसता उतरून गेलेला म्हातारा तिसऱ्या गोष्टीत मुख्य पात्र होऊन समोर येतो आणि वाचणारा पानं मागे उलटून त्याला पुन्हा शोधतो. रोजच्या जगण्यावरच्या जपानी मांगात, म्हणजे चित्रकथांत, हा प्रकार मला सगळ्यात जवळचा वाटतो. नवख्या माणसालाही तो जमण्यासारखा आहे, कारण यात युद्धं नाहीत, धावपळ नाही आणि गोष्टी छोट्या असतात.

अडचण येते ती जोडणीत. पहिल्यांदा काढणारे बहुतेक जण चार गोष्टी एका मोठ्या कथानकाने बांधायला जातात: कुणाचं तरी रहस्य, कुणाचा तरी मृत्यू, शेवटी सगळे एका खोलीत. त्यात छोट्या गोष्टींचा जीव जातो. माझं सांगणं एवढंच आहे की जोड कथानकात शोधू नका, इमारतीत शोधा. भिंत, जिना, कचऱ्याची जागा आणि दारोदार फिरणारा कागद या गोष्टी माणसांना आधीच जोडून बसलेल्या असतात.

मी तोक्योत एका दांचीत, म्हणजे एकाच आवारातल्या इमारतींच्या वसाहतीत, राहते. अशा गोष्टींचं छोटं पुस्तक स्वतः काढून, छापून मी विक्रीला मांडलेलं आहे. इथल्या मराठी मंडळींमध्ये चित्रं काढणारे बरेच आहेत आणि ‘सुरुवात कुठून करू?’ हा प्रश्न मला वारंवार येतो. त्यांच्यासाठी हा सगळा क्रम लिहिते आहे.

१. आधी इमारत ठरवा

‘अपार्टमेंट’ एवढ्यावर थांबू नका. जपानमध्ये तीन वेगळ्या इमारती आहेत आणि तिघींमधून तीन वेगळ्या तऱ्हेच्या गोष्टी निघतात.

‘आपातो’ म्हणजे लाकडी किंवा हलक्या लोखंडी सांगाड्याची, बहुतेक वेळा दुमजली इमारत. लोखंडी जिना बाहेरून असतो आणि त्यावरची पावलं सगळ्यांना ऐकू जातात. भिंती पातळ, भाडं कमी. इथे विद्यार्थी, एकटे कामगार, एकटी म्हातारी माणसं राहतात. ‘मानशोन’ म्हणजे काँक्रीटची इमारत, लिफ्ट, खाली आपोआप बंद होणारं दार. तिथे शेजारी भेटतो तो लिफ्टमध्ये, अर्धा मिनिट, मान लववून. त्या अर्ध्या मिनिटावर सुंदर गोष्ट होऊ शकते, पण पहिल्या पुस्तकासाठी मी ती सुचवणार नाही, कारण माणसं एकमेकांपासून नीट लपवलेली असतात आणि जोड उभी करायला फार खटपट पडते.

तिसरी दांची. एकाच आवारात ओळीने उभ्या इमारती, बाजूच्या आंधळ्या भिंतीवर रंगवलेला मोठा क्रमांक, मधे घसरगुंडी आणि वाळूचा चौकोन. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये सुमारे ४२ लाख घरांची टंचाई होती. १९५१ साली सरकारी घरांसाठी ‘५१सी’ नावाचा एक नकाशा तयार झाला, साधारण ३५ चौरस मीटरचा. जेवायची जागा आणि झोपायची जागा वेगळी असावी, हा त्याचा मुख्य विचार. १९५५ साली जपान गृहनिर्माण महामंडळ स्थापन झालं आणि दोन खोल्या अधिक जेवणाची जागा असलेलं स्वयंपाकघर, म्हणजे ‘२डीके’, ही रचना या दांचींमधून देशभर पोचली. ही घरं आता ‘यूआर’ या संस्थेकडे आहेत. घरमालकाला द्यायची परत न मिळणारी रक्कम नाही, दलाली नाही, जामीनदार नको, अशा अटींमुळे परदेशी माणसांना ती मिळणं सोपं जातं. तोक्योच्या एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईत इतकी भारतीय कुटुंबं दिसतात त्याचं हे एक कारण. म्हणजे इथल्या दांचीच्या गोष्टीत मराठी घर आलं तर ते ओढूनताणून आणलेलं नसतं.

सुरुवातीला दांचीच घ्या.

२. जिना समजून घ्या

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण पुढचं अख्खं पुस्तक तिच्यावर उभं राहतं.

आपल्या डोक्यात चाळ असते: लांब गॅलरी, ओळीने दारं, येणारा-जाणारा प्रत्येक दारासमोरून जातो. दांचीच्या काही इमारतीही तशा आहेत. १९७२ साली लोक राहायला आले ती इताबाशी वॉर्डातली ताकाशिमादाइरा दांची, सुमारे दहा हजार घरांची, तिथल्या उंच इमारतींना लिफ्ट आणि लांब गॅलऱ्या आहेत. पण जुन्या पाचमजली, बिनलिफ्टच्या दांचीत गॅलरी नसतेच. एका इमारतीला तीन-चार वेगळे जिने असतात. प्रत्येक जिन्याच्या प्रत्येक लँडिंगवर समोरासमोर दोनच दारं. पाच मजले, दहा बिऱ्हाडं, एक जिना.

आता क्रमांक बघा. पहिल्या जिन्याला तिसऱ्या मजल्यावर (इथे तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात) ३०१ आणि ३०२. दुसऱ्या जिन्याला ३०३ आणि ३०४. ३०१ आणि ३०२ यांची दारं समोरासमोर, म्हणून ते एकमेकांना रोज बघतात, छत्री कुणाची, बूट कुणाचे, सगळं ठाऊक असतं. पण ३०२ची दुसरी भिंत लागून आहे ३०३ला. वीतभरही जाड नसलेल्या त्या भिंतीतून ३०३चा खोकला, टीव्ही, शिवणयंत्र ऐकू येतं आणि तरी ३०२मधल्या माणसाने ३०३चा चेहरा कधी पाहिलेला नसतो. भेटायचं तर दोन मजले उतरायचे, इमारतीला वळसा घालून पुढच्या प्रवेशद्वारातून आत शिरायचं आणि पुन्हा दोन मजले चढायचे.

जिन्याचा शेजारी डोळ्यांचा, भिंतीचा शेजारी कानांचा. तुमच्या गोष्टी या दोन नात्यांमधून निघतील. चाळीच्या सवयीने काढायला गेलात तर ३०२मधली बाई ३०३च्या दारावरून सहज जाताना दाखवाल आणि दांचीत वाढलेला जपानी वाचक तिथेच पुस्तक खाली ठेवेल.

३. नकाशा कागदावर काढा आणि भिंतीवर लावा

एक मजला वरून, पूर्ण इमारत समोरून आणि मागून. मागची बाजू विसरू नका, कारण बाल्कन्या तिकडे असतात आणि गाद्या, कपडे वाळत घातलेले तिथेच दिसतात.

आतली मापं खरी ठेवा. खोली तातामीच्या चटयांत मोजतात. दांचीतली चटई नेहमीच्या चटईपेक्षा लहान असते, साधारण १७० बाय ८५ सेंटीमीटर. सहा चटयांची खोली म्हणजे साधारण ३.४० बाय २.५५ मीटर. हे माप डोळ्यांसमोर नसलं की नवखा माणूस प्रशस्त दिवाणखाना काढतो आणि गोष्टीतली दाटी हरवते. लोखंडी दार, त्यात वर्तमानपत्र टाकायची फट, आत बूट काढायची बुटकी जागा, तिथून एक पायरी वर घर. स्वयंपाकघरात छोटं टेबल.

दहाही दारांवर कोण राहतं ते एकेका ओळीत लिहून टाका, गोष्ट चारांचीच सांगायची असली तरी. नाव, वय, काम, घरी असण्याची वेळ. वेळ सगळ्यात महत्त्वाची. रात्रपाळीची बाई आणि शाळकरी मुलगा जिन्यावर सकाळी साडेसातलाच भेटू शकतात, ही तिची घरी यायची वेळ आणि त्याची निघायची. असे तीन-चार छेद तुम्हाला तक्त्यातच दिसतील, मुद्दाम घडवावे लागणार नाहीत.

फोटो स्वतः काढा. दुसऱ्याच्या फोटोवरून गिरवलेली पार्श्वभूमी छापू नका. फोटो काढताना दारावरच्या पाट्या, वाळत घातलेले कपडे आणि मुलं टाळा. आपल्याच शेजाऱ्यांना गोष्टीत घालण्याचा मोह होतो, पण वय, काम, मजला, सवय यातल्या किमान तीन गोष्टी बदलल्याशिवाय कुणालाही कागदावर आणू नका. माणसं घरात आपल्याशी विश्वासाने राहतात आणि त्यांचं खासगीपण तुमच्या पुस्तकापेक्षा मोठं आहे.

४. काय फिरतं ते ठरवा

इमारत स्थिर असते, म्हणून तिच्यातून काहीतरी फिरायला हवं. दांचीत अशा वस्तू तयार मिळतात.

कायरानबान: रहिवासी मंडळाच्या सूचनांची फाईल. वाचायची, आपल्या घरापुढे सही किंवा शिक्का करायचा आणि पुढच्या दाराला द्यायची. तिचा क्रम ठरलेला असतो. जिना झाडण्याच्या पाळीची पाटी: कितीतरी दांचींमध्ये ती दाराच्या मुठीला अडकवतात, काम झालं की पुढच्या मुठीवर. मोठ्या कचऱ्याचं स्टिकर: जुनं कपाट टाकायचं तर पैसे भरून स्टिकर घ्यावं लागतं, त्यावर नाव किंवा क्रमांक लिहून ते कपाटावर चिकटवायचं, मग ते ठरल्या दिवसापर्यंत खाली उभं राहतं आणि सगळी इमारत ते बघते. नवीन माणूस राहायला आला की टॉवेल किंवा मिठाई घेऊन आजूबाजूला, वर आणि खाली ओळख करून द्यायला जातो. संध्याकाळी वॉर्डाच्या भोंग्यांवर वाजणारी धून: आपत्तीच्या वेळी सूचना देणारी यंत्रणा चालू आहे का, याची ती रोजची तपासणी असते. पण गोष्टींसाठी ती सोन्यासारखी, कारण त्या क्षणी चारही घरांत एकच सूर ऐकू येतो आणि वाचकाला वेळ जुळवता येते.

यातल्या दोनच निवडा. एक हातात धरता येणारी वस्तू, एक आवाज. जास्त घेतल्या की प्रत्येक पानावर वाचकाला खूण शोधायला लावल्यासारखं होतं.

५. चार गोष्टी, एक आठवडा

पहिल्या पुस्तकात चारांपेक्षा जास्त गोष्टी नकोत आणि वर्षभराचे ऋतूही नकोत. जूनमधला पावसाळी आठवडा घ्या. सगळे घरात अडकलेले असतात, गाद्या बाहेर टाकता येत नाहीत, आवाज जास्त ऐकू येतात.

कसं जुळवायचं ते दिसावं म्हणून एक नमुना मांडते. यातली माणसं काल्पनिक आहेत.

३०२मध्ये जेवणाचे डबे भरणाऱ्या कारखान्यात रात्रपाळी करणारी बाई. ती सकाळी झोपते तेव्हा भिंतीपलीकडे शिवणयंत्र चालू असतं आणि तिला त्या आवाजाशिवाय झोप येईनाशी झाली आहे. ३०३मध्ये निवृत्त शिंपी, ज्याला आपलं यंत्र कुणाला ऐकू जातं याची कल्पनाच नाही. २०१मधला शाळकरी मुलगा, कायरानबान पुढे नेऊन द्यायचं काम ज्याच्याकडे आहे आणि ज्याला वरच्या नव्या लोकांचं दार वाजवायची भीती वाटते. आणि ३०१मध्ये नुकतंच पुण्याहून आलेलं जोडपं, ज्यांच्या दाराच्या मुठीला एक दिवस फाईल लटकलेली दिसते. त्यांना ती वाचता येत नाही, ते जपून कपाटावर ठेवतात, कुणाची तरी विसरलेली वस्तू समजून.

आता परिणाम बघा. त्या फाईलमध्ये पाण्याची टाकी धुणार, अमुक वेळेत पाणी बंद, अशी सूचना आहे. फाईल ३०१मध्ये अडली म्हणजे ३०२ला ती मिळालीच नाही. पहिल्या गोष्टीत बाई डोक्याला साबण लावून उभी असताना पाणी जातं. तिथे आपण काहीही समजावत नाही. तिसऱ्या गोष्टीत मुलगा फाईल मुठीला लटकवून पळतो. चौथ्या गोष्टीत ती पुण्याच्या घरात कपाटावर दिसते आणि वाचकाला साबणाचं कोडं आपणहून सुटतं. चौघांपैकी कुणालाही पूर्ण गोष्ट कधीच कळत नाही. ती वाचकालाच कळते, आणि जोडकथांचा खरा आनंद हाच आहे.

कसोटी अशी: प्रत्येक गोष्ट बाकीच्या तीन काढून टाकल्या तरी उभी राहिली पाहिजे. साबणाचा प्रसंग नुसता म्हणूनही चालला पाहिजे. चालत नसेल तर ती गोष्ट नव्हे, दुव्याचा तुकडा आहे.

मराठी पात्राबद्दल एक विनंती. त्यांना ‘गोंधळलेले परदेशी’ म्हणून एवढंच वापरू नका. नमुन्यातलं जोडपं फाईल जपून ठेवतं, फेकत नाही, यात त्यांचा स्वभाव आहे. त्यांच्या घरी फोडणीचा वास आहे, नव्या घराचं कौतुक आहे, घरच्यांशी फोनवर बोलायच्या वेळा साडेतीन तासांच्या फरकाने ठरतात. गोष्ट त्यांच्या बाजूनेही सांगा.

६. भाषा आणि वाचायची दिशा आताच ठरवा

हे काम चित्रं झाल्यावर करता येत नाही. जपानी वाचकांसाठी असेल तर पुस्तक उजवीकडे बांधलेलं, चौकटी उजवीकडून डावीकडे, संवादाचे फुगे उभट, कारण मजकूर उभा लिहितात. मराठीत असेल तर पुस्तक डावीकडे बांधा, चौकटी डावीकडून उजवीकडे घ्या आणि फुगे आडवे, रुंद ठेवा. उभट फुग्यात देवनागरी घातली की प्रत्येक ओळीत एक शब्द राहतो आणि ‘स्वयंपाकघरातला’ तर मधेच तुटतो.

‘आत्ता जपानी काढते, मराठीसाठी चित्र आरशासारखं उलटवीन’ हा विचार सोडून द्या. उलटवल्यावर सगळी माणसं डावखुरी होतात, भिंतीवरची अक्षरं उलटी होतात, नकाशातल्या ३०२ आणि ३०३च्या जागा बदलतात. उन्हाळ्याचा युकाता, म्हणजे सुती किमोनो, घातलेला माणूस असेल तर त्याच्या कडा उलट दुमडलेल्या दिसतात, आणि उजवी बाजू वर अशी घडी जपानमध्ये मृतदेहाच्या कपड्याची असते. जत्रेला निघालेल्या मुलीच्या अंगावर ती दिसली तर जपानी वाचक दचकेल.

मराठीत काढत असाल तर चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी ‘राष्ट्र’, ‘क्षण’, ‘दुसऱ्या’, ‘स्त्री’ एवढे शब्द टाईप करून पाहा. काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात. तसं झालं तर मजकूर दुसरीकडे तयार करून चित्र म्हणून आणावा लागेल, आणि हे चाळीस पानं काढण्याआधी कळलेलं बरं. जपानीत काढत असाल तर संवाद जपानी माणसाकडून तपासून घ्या, विशेषतः कोण कुणाशी किती आदराने बोलतं ते. शेजाऱ्यांच्या गोष्टीत अर्धं नातं तिथेच असतं.

७. नेमु: पानं आणि पान उलटणं

चित्र काढण्याआधी सगळ्या पानांचा पेन्सिलीतला कच्चा आराखडा करतात, त्याला इथे ‘नेमु’ म्हणतात. संपादकही तोच आधी बघतात. इथे घाई करू नका.

पिनांच्या बांधणीच्या पुस्तकाची पानं चाराच्या पटीत लागतात. इथले छोटे छापखाने मुखपृष्ठ धरून मोजतात: मुखपृष्ठ पान १, त्याची आतली बाजू पान २, मजकूर पान ३पासून. मी सुचवते ती मांडणी चाळीस पानांची आहे. पान ३ शीर्षक, पान ४ इमारतीचं समोरून चित्र, ५ ते १२ पहिली गोष्ट, १३ ते २० दुसरी, २१ ते २८ तिसरी, २९ ते ३६ चौथी, ३७वर दोन शब्द, ३८वर प्रकाशनाची माहिती, ३९ आणि ४० मागचं आवरण.

या मांडणीत प्रत्येक गोष्ट विषम पानावर सुरू होते. उजव्या बांधणीत विषम पान डावीकडे येतं आणि ते वाचून झालं की पान उलटायचं असतं. म्हणजे ५, ७, ९ आणि ११ या पानांची शेवटची चौकट वाचकाला पुढे ओढणारी हवी आणि उत्तर उलटल्यावर मिळायला हवं. डाव्या बांधणीत विषम पान उजवीकडे येतं, पण हिशेब तोच राहतो.

नमुन्यातल्या पहिल्या गोष्टीचा शेवट असा बसवता येईल. यंत्राचा आवाज दोन दिवस आलेला नाही. बाई दोन मजले उतरते, पावसातून वळसा घालते, दुसरा जिना चढते. पान ११ची शेवटची चौकट: घंटीपाशी बोट. पान उलटलं की १२वर आतून यंत्राची खटखट सुरू, आणि ती घंटी न वाजवता जिना उतरते आहे. गंमत पुढे आहे. १२च्या समोरच पान १३, दुसऱ्या गोष्टीचं पहिलं पान, आणि त्यावर त्याच दाराची आतली बाजू, पाठमोरा शिंपी. उघडलेल्या दोन पानांत दाराच्या दोन्ही बाजू. कुठेही एक शब्द लिहावा लागला नाही. गोष्ट सम पानावर सुरू केली असती तर हे हातून गेलं असतं.

आवाजाची अक्षरंही अशीच वापरा. ३०३मधली खटखट चौकटीची रेषा ओलांडून ३०२च्या चौकटीत घुसू द्या. तीच तुमची भिंत.

एका पानावर पाच ते सहा चौकटी पुरे. आठ पानांत एखादी चौकट बिनमाणसांची ठेवा: ओला जिना, टेकवलेल्या छत्र्या.

८. साहित्य

हाताने काढणार असाल तर:

- मांगाचा छापील निळ्या रेषांचा कागद. छापून होणारं पुस्तक बी५ म्हणजे १८२ बाय २५७ मिलिमीटर असेल तर त्यासाठी ए४ आकाराचा कागद मिळतो. व्यावसायिक मासिकांसाठीचा बी४ वेगळा, तो चुकून घेऊ नका. जाडी ११० किंवा १३५ किलोची (इथे ती हजार तावांच्या वजनाने सांगतात). खोडरबर जास्त चालवणाऱ्यांनी १३५ घ्यावी.
- शाईत बुडवायच्या टाकांपैकी माणसांसाठी जी-पेन, बारीक रेषांसाठी मारू-पेन. दौतीतल्या टाकाची सवय नसेल तर ०.०५, ०.३ आणि ०.८ची मिलीपेनं, म्हणजे शाई भरलेली बारीक टोकाची पेनं, पुरतात. इमारतीच्या सरळ रेषांना तर तीच बरी.
- काळी शाई, पांढरी दुरुस्तीची शाई, कडेला उतार असलेली पट्टी, मऊ खोडरबर.
- स्क्रीनटोनचे, म्हणजे छटेसाठी चिकटवायच्या ठिपक्यांच्या कागदाचे, दोन-तीन प्रकार. पावसाळी आठवड्याला करड्या छटा लागतात, पण १० आणि २० टक्क्यांच्या पुरेशा होतात.

संगणकावर काढत असाल तर क्लिप स्टुडिओ पेंट इथे सर्रास वापरतात. त्यातली यथार्थदर्शनाची पट्टी जिन्यांसाठी फार उपयोगी पडते. काळ्या-पांढऱ्या पानांचं रिझोल्यूशन सुरुवातीलाच ६०० डीपीआय ठेवा. टोन लावलेलं पान नंतर लहान-मोठं केलं की ठिपक्यांवर लाटा उठतात आणि त्या छापल्यावरच नीट दिसतात. कापायच्या रेषेबाहेर छापखाना सांगेल तेवढी, बहुतेक ठिकाणी ३ मिलिमीटर, चित्राची वाढ ठेवा आणि फुगे आतल्या चौकटीच्या बाहेर नेऊ नका.

दार, लँडिंग, पत्रपेट्या आणि समोरची बाजू ही चार चित्रं एकदा मन लावून काढून ठेवा आणि पुन्हा वापरा. तेच दार, तोच कोन, फक्त समोरचे बूट वेगळे, हे या प्रकारात शोभतं.

९. छपाई

स्वतः प्रकाशित केलेल्या छोट्या पुस्तकांना ‘दोजिन्शी’ म्हणतात आणि फक्त तीच छापणारे छापखाने आहेत. ऑनलाइन मागणी नोंदवायची, फाइल चढवायची, पुस्तकं घरी किंवा थेट कार्यक्रमाच्या जागी येतात. पहिल्यांदा तीस ते पन्नास प्रती, ऑन-डिमांड म्हणजे मागणीपुरती छपाई. मुदतीच्या आधी फाइल दिली तर बरेच छापखाने सवलत देतात.

प्रकाशनाच्या माहितीत पुस्तकाचं नाव, टोपणनाव, प्रकाशनाची तारीख, छापखान्याचं नाव आणि संपर्क हवा. संपर्कासाठी वेगळा ईमेल काढा, घरचा पत्ता छापू नका. शेजाऱ्यांच्या गोष्टींचं पुस्तक असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण पत्ता छापला की खरी इमारतही कळते.

१०. कार्यक्रमात मांडणं

कोमिकेट हा दोजिन्शींचा मेळा १९७५ सालापासून चालू आहे आणि प्रचंड आहे, पण तिथे बरेच जण प्रसिद्ध मालिकांवर आधारित पुस्तकं शोधत येतात. तुमच्यासाठी कोमितिया. १९८४ साली सुरू झालेल्या या मेळ्यात फक्त स्वतःच्या कल्पनेतलं काम चालतं. तोक्यो बिग साइटमध्ये तो वर्षातून साधारण चार वेळा भरतो आणि शांत, रोजच्या जगण्यावरच्या गोष्टी वाचणारे लोक तिथे आवर्जून येतात. पुस्तकं मांडणाऱ्या गटाला ‘सर्कल’ म्हणतात; एकट्याने भाग घेतला तरी तुम्ही ‘सर्कल’च. जागा मिळते अर्ध्या टेबलाची, ९० बाय ४५ सेंटीमीटर.

लागणाऱ्या गोष्टी:

- ऑनलाइन अर्ज, सर्कलचं नाव, ओळख म्हणून छोटं चित्र आणि शुल्क. पुस्तक पूर्ण व्हायच्या कितीतरी आधी अर्जाची मुदत संपते.
- सर्कलचा प्रवेश-पास आणि आयोजकांना द्यायची पुस्तकाची एक नमुना प्रत.
- टेबलावर अंथरायला कापड, किमतीची पाटी, चाळून बघायला वेगळी प्रत.
- सुट्टे पैसे: १०० आणि ५०० येनची नाणी, काही हजाराच्या नोटा. किंमत ५०० ठेवलीत तर देणाऱ्यालाही सोपं जातं.

कामाच्या व्हिसावर असलेल्यांनी एक गोष्ट आधी करावी. व्हिसात लिहिलेल्या कामाबाहेर मोबदला मिळणारं काम करायला परवानगी लागते. तुमच्या विक्रीला ती लागू होते का, हे इमिग्रेशन कार्यालयात अर्ज भरण्यापूर्वीच विचारून घ्या आणि निवासपत्र बरोबर न्या. नोकरीच्या करारात दुसऱ्या उत्पन्नाबद्दल कलम आहे का तेही पाहा. कायम निवासाचा परवाना असेल तर व्हिसाचा हा अडसर नाही.

कोमितियाच्या दालनात मांगा मासिकांचे संपादक टेबलं मांडून बसतात आणि रांगेत उभं राहिलं की तुमचं काम वाचून त्यावर बोलतात. नक्की जा. मूळ पानं नेऊ नका, स्वच्छ प्रती न्या, आणि चारही गोष्टी पुढे न करता सगळ्यात चांगली जमलेली एकच द्या. ती एकटी उभी राहते की नाही हे त्यांच्या पहिल्या दोन-तीन प्रश्नांतच कळतं. ‘ही बाई घंटी का वाजवत नाही?’ असं विचारलं तर खुलासा करायची घाई करू नका, आधी त्यांना काय वाटलं ते विचारा आणि उत्तर तिथल्या तिथे वहीत लिहून घ्या. जपानी कच्चं असेल तर मित्राला बरोबर न्या, त्यासाठी कुणी नाक मुरडत नाही.